इंटरनेटवरून केलेला आपत्कालीन कॉल योग्य नियंत्रण कक्षात कसा पोहोचतो?

आपत्कालीन मदतीसाठी फोन आला की नियंत्रण कक्षातल्या कर्मचाऱ्याला सर्वांत आधी दोन गोष्टी लागतात : फोन करणारा कुठे आहे, आणि फोन मध्येच तुटला तर त्याला परत कसे गाठायचे. नेमके काय झाले आहे, ही चौकशी त्यानंतरही करता येते. पण ठिकाण कळले नाही, तर रुग्णवाहिका, अग्निशमन दल आणि पोलीस यांपैकी कोणालाच निघता येत नाही. घाबरलेल्या, धाप लागलेल्या किंवा परक्या शहरात असलेल्या माणसाला आपला पत्ता नीट सांगता येईलच, असे धरून चालता येत नाही. म्हणून आपत्कालीन दूरध्वनीच्या बहुतेक व्यवस्था हळूहळू अशा घडत गेल्या की, पत्ता विचारण्यापूर्वीच तो कर्मचाऱ्याच्या पडद्यावर आलेला असावा. इंटरनेटवरच्या फोनसेवेने या व्यवस्थेचा पायाच काढून घेतला, आणि तो नव्याने घालण्यासाठी जी तांत्रिक मानके तयार झाली, त्यांचे काम कसे चालते हे या लेखात पाहू.

आधी जुनी व्यवस्था. लंडनमध्ये १९३७ साली ९९९ हा क्रमांक सुरू झाला. अमेरिकेत ९११ वरचा पहिला कॉल १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामा राज्यातल्या हेलीव्हिल या गावात झाला. तेव्हाचा फोन म्हणजे घरातून निघून टेलिफोन एक्स्चेंजपर्यंत गेलेली तांब्याच्या तारांची एक जोडी. ती जोडी जागची हलत नव्हती, त्यामुळे कॉल कोणत्या जोडीवरून आला हे कळले की क्रमांक कळे, आणि क्रमांकावरून कंपनीच्या नोंदवहीतला पत्ता काढता येई. पुढे अमेरिकेत ही पद्धत स्वयंचलित झाली : कॉलबरोबर क्रमांक आपोआप पुढे जाऊ लागला, तो पाहून एक विशेष स्विच कॉल योग्य नियंत्रण कक्षाकडे वळवू लागला आणि तिथला संगणक त्याच क्रमांकावरून पत्ता शोधू लागला. या सगळ्याला आधार एकच होता. तार, क्रमांक आणि पत्ता या तिन्ही गोष्टी एकाच दूरध्वनी कंपनीच्या हातात होत्या. मोबाइलमध्ये तार गेली, पण टॉवर आणि कॉल अजूनही एकाच कंपनीचे होते, त्यामुळे निदान कोणत्या टॉवरच्या परिसरातून कॉल आला एवढे तरी तिला सांगता येत होते.

इंटरनेट फोनमध्ये ही एकजूट मोडते. इंटरनेटची जोडणी एका कंपनीची असते आणि फोनसेवा दुसऱ्याच कंपनीची, जिचा सर्व्हर कदाचित दुसऱ्या देशात असतो. एखाद्याने आपला इंटरनेट फोन उचलून हजार किलोमीटरवरच्या शहरात नेला आणि तिथल्या राउटरला जोडला, तर त्याचा क्रमांक तोच राहतो, घंटा तशीच वाजते आणि फोनसेवेच्या सर्व्हरला काही बदलल्याची जाणीवही होत नाही. त्या सर्व्हरला दिसतो तो फक्त एक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर त्या जोडणीला मिळालेला अंकी पत्ता. त्यावरून फार तर इंटरनेट कंपनी आणि शहराचा अंदाज बांधता येतो, आणि मध्ये व्हीपीएन, म्हणजे सगळी माहिती दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमार्गे नेणारी खासगी जोडणी, असेल तर तो अंदाजही चुकतो. उलट इंटरनेट कंपनीला कोणती केबल कोणत्या घरात गेली आहे हे पक्के माहीत असते, पण तिच्या लेखी वाहणारी सगळी माहिती सारखीच असते. त्यात कोणी मदतीसाठी हाक मारत आहे, हे तिला कळत नाही. ज्याला ठिकाण माहीत आहे त्याला कॉल माहीत नाही, आणि ज्याला कॉल माहीत आहे त्याला ठिकाण माहीत नाही. आपत्कालीन कॉलची सारी मानके या दोघांची काही सेकंदांत गाठ घालून देण्यासाठी आहेत.

सुरुवातीची तडजोड

मानके तयार होण्याआधीच इंटरनेट फोन घराघरांत पोहोचले होते, त्यामुळे आधी तात्पुरता मार्ग काढावा लागला. अमेरिकेच्या दूरसंचार नियामक संस्थेने, फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, २००५ साली असा आदेश काढला की, सामान्य दूरध्वनी जाळ्याशी जोडलेल्या इंटरनेट फोनसेवेने ग्राहकाचा प्रत्यक्ष पत्ता सेवा सुरू करण्यापूर्वी नोंदवून घ्यावा आणि ९११ चा कॉल त्या पत्त्यानुसार योग्य नियंत्रण कक्षाकडे पाठवावा. त्यासाठी कंपन्यांना १२० दिवसांची मुदत मिळाली.

पण नियंत्रण कक्षांची यंत्रे जुनी होती. त्यांना दहा अंकी क्रमांकाखेरीज काही कळत नव्हते, आणि इंटरनेट फोनचा क्रमांक दुसऱ्याच राज्यातला असू शकत होता. यावर अमेरिकेतल्या नॅशनल इमर्जन्सी नंबर असोसिएशनने, म्हणजे नेनाने, आय-२ नावाची मधली पायरी सुचवली. कॉल आला की त्या कॉलपुरता एक तात्पुरता क्रमांक द्यायचा, तो क्रमांक जुन्या स्विचला दाखवून कॉल योग्य वाटेला लावायचा, आणि नियंत्रण कक्षाच्या यंत्राने त्या क्रमांकाचा पत्ता विचारला की ग्राहकाचा नोंदलेला पत्ता पुढे करायचा. जुन्या यंत्रांना काहीही न बदलता नव्या फोनशी बोलायला लावणारी ही युक्ती होती आणि ती चांगली चालली, मात्र एका अटीवर : नोंदलेला पत्ता खरा असला पाहिजे.

ती अट किती नाजूक आहे, हे एप्रिल २००८ मध्ये कॅनडात दिसले. कॅल्गरी शहरातल्या एका कुटुंबाने दीड वर्षाच्या आजारी मुलासाठी इंटरनेट फोनवरून ९११ ला कॉल केला. कुटुंब पूर्वी मिसिसागा येथे राहत होते आणि फोनसेवेच्या नोंदीत तोच जुना पत्ता होता, त्यामुळे रुग्णवाहिका अडीच हजारांहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या त्या जुन्या पत्त्यावर पाठवली गेली. मूल वाचले नाही. या घटनेत यंत्रणेचा प्रत्येक भाग नेमून दिल्याप्रमाणे चालला होता, आणि मला तीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. माणसाने घर बदलताना आठवणीने पत्ता बदलावा, या अपेक्षेवर जीव अवलंबून ठेवणारी रचनाच मुळात अपुरी होती. फोनने आपले ठिकाण स्वतःच मिळवले पाहिजे, कॉलच्या वेळी मिळवले पाहिजे, आणि माणसाने काही भरले असो वा नसो, तरी ते मिळाले पाहिजे.

एकाच प्रश्नाचे तीन तुकडे

इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सने, म्हणजे आयईटीएफने, या विषयासाठी एक्रिट नावाचा कार्यगट नेमला होता. आयईटीएफच्या क्रमांक दिलेल्या दस्तऐवजांना आरएफसी म्हणतात. त्या गटाने आपल्या अपेक्षांचा दस्तऐवज जानेवारी २००८ मध्ये आरएफसी ५०१२ म्हणून प्रसिद्ध केला, संपूर्ण आराखडा डिसेंबर २०११ मध्ये आरएफसी ६४४३ म्हणून आला आणि फोन, जाळी व सेवा यांनी काय केलेच पाहिजे याची नेमकी कलमे मार्च २०१३ मध्ये आरएफसी ६८८१ मध्ये आली. या कामाचे खरे मर्म असे की, एका अवघड प्रश्नाचे तीन स्वतंत्र प्रश्न केले गेले. हा कॉल आपत्कालीन आहे हे कसे ओळखायचे? कॉल करणारा कुठे आहे हे कसे कळायचे? आणि त्या ठिकाणासाठी जबाबदार नियंत्रण कक्ष कोणता? प्रत्येकाचे उत्तर वेगळ्या यंत्रणेने द्यायचे आणि फोनने ती तिन्ही उत्तरे एकत्र आणायची.

पहिला प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. कुठे ९११ चालतो, कुठे ११२, कुठे ९९९. शिवाय काही देशांत रुग्णवाहिका, पोलीस आणि अग्निशमन यांचे क्रमांक वेगवेगळे आहेत. प्रवासी आपल्या देशातला क्रमांक फिरवेल किंवा तिथला, याचा नेम नाही. म्हणून आरएफसी ५०३१ ने क्रमांकांच्या वर एक जागतिक नाव ठरवले : सर्व्हिस एसओएस. त्याखाली रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस, सागरी बचाव, डोंगरातला बचाव, विषबाधा अशी उपनावे आहेत. माणूस नेहमीचे अंक दाबतो. ते अंक ओळखून त्यांचे या नावात रूपांतर करणे हे फोनचे काम, आणि फोनला हे साधले नाही तर सेवेच्या सर्व्हरने ते करायचे. फोनने वापरणाऱ्याच्या मूळ देशातले आणि सध्या तो असलेल्या ठिकाणचे, असे दोन्ही क्रमांक ओळखावेत अशी अपेक्षा आहे. इथून पुढे साऱ्या यंत्रणेत अंकांना काही स्थान उरत नाही, फक्त हे नाव प्रवास करते.

ठिकाण कसे कळते

दुसरा प्रश्न सर्वांत मोठा, आणि माझ्या मते सर्वांत सुंदर रीतीने सोडवलेला. ठिकाण दोन प्रकारे सांगता येते. एक प्रकार अक्षांश-रेखांशाचा, दुसरा पत्त्याचा. उघड्यावर अडकलेल्या माणसासाठी पहिला योग्य, पण बहुमजली इमारतीत अक्षांश-रेखांशाने काम भागत नाही, कारण तिसरा मजला आणि तेविसावा मजला नकाशावर एकाच बिंदूत येतात आणि जिन्यात उभ्या असलेल्या मदतनीसाला दार कोणते ठोठवायचे हे कळत नाही. म्हणून डिसेंबर २००५ च्या आरएफसी ४११९ मध्ये ठरवलेल्या साच्यात दोन्ही प्रकारांची सोय आहे. त्यातला पत्ता एका ओळीत लिहिलेला नसतो. देश, राज्य, शहर, रस्ता, घर क्रमांक, इमारत, मजला, खोली असा प्रत्येक घटक वेगळ्या रकान्यात असतो, जेणेकरून कोणत्याही देशातल्या संगणकाला कोणता अंक घराचा आणि कोणता मजल्याचा याचा तर्क करावा लागू नये. अक्षांश-रेखांशांबरोबर अनिश्चितताही सांगता येते : इतक्या मीटर त्रिज्येच्या वर्तुळात, या लंबवर्तुळात किंवा या बहुभुजात माणूस कुठेतरी आहे. हे फार प्रामाणिक मोजमाप आहे. नुसता बिंदू पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला तो पाच मीटरने चुकला आहे की पाचशे मीटरने, हे कळायला मार्ग नसतो.

हे ठिकाण फोनला सांगणार कोण? ज्याला ते माहीत आहे तोच, म्हणजे जोडणी देणारे जाळे. कार्यालयातल्या भिंतीवरच्या जोडणीचे उदाहरण घेऊ. त्या जोडणीची तार नेटवर्क स्विचच्या, म्हणजे कार्यालयातल्या तारा एकत्र जोडणाऱ्या यंत्राच्या, ज्या पोर्टला लागते, त्या पोर्टपुढे जाळे सांभाळणाऱ्याने एकदाच इमारत, मजला आणि खोली यांची नोंद करून ठेवलेली असते. टेबलावरचा फोन जोडला गेला की स्विच एलएलडीपी-मेड या मानकानुसार ती नोंद त्याला कळवतो. फोन उचलून वरच्या मजल्यावर नेला तर तो वेगळ्या पोर्टला लागतो आणि त्याला नवी नोंद मिळते. कोणी काहीही भरलेले नसते. जाळ्यात शिरताना यंत्राला आयपी पत्ता देणाऱ्या डीएचसीपी यंत्रणेतूनही, त्याच उत्तराच्या सोबत, असेच ठिकाण देता येते.

घरातल्या जोडणीसाठी किंवा मोठ्या इंटरनेट कंपनीसाठी सप्टेंबर २०१० च्या आरएफसी ५९८५ मध्ये हेल्ड नावाची पद्धत दिली आहे. कंपनीने ठिकाण-माहितीचा एक सर्व्हर ठेवायचा, यंत्राने त्याला 'मी कुठे आहे' असे विचारायचे, आणि विचारणा ज्या आयपी पत्त्यावरून आली त्यावरून सर्व्हरने केबल शोधून पत्ता सांगायचा. हवे तर सर्व्हर प्रत्यक्ष ठिकाणाऐवजी एक दुवा देतो, आणि नियंत्रण कक्ष नंतर त्या दुव्यावरून ताजे ठिकाण मागतो. चालत्या वाहनातून आलेल्या कॉलसाठी हे फार उपयोगी पडते, कारण कॉल वळवायला ढोबळ ठिकाण पुरते, पण मदत पाठवायला काही सेकंदांनी मिळणारे नेमके ठिकाण लागते. कॉल रोखून धरून अचूकतेची वाट पाहायची नाही, हे मानकांचे सूत्र इथे स्पष्ट दिसते.

याच पद्धतीत व्हीपीएनचा धोका नीट समजतो. यंत्र व्हीपीएनमधून बोलत असेल, तर त्याची विचारणा दूरच्या कार्यालयाच्या आयपी पत्त्यावरून आल्यासारखी दिसते आणि सर्व्हर आत्मविश्वासाने त्या कार्यालयाचे ठिकाण सांगतो. चुकीचा पत्ता हा पत्ताच नसण्यापेक्षा घातक असतो, कारण त्यावर कोणी शंका घेत नाही. म्हणून यंत्राने व्हीपीएनची जोडणी उभी राहण्यापूर्वीच आपले ठिकाण मिळवून ठेवावे, असे मानक सांगते. घरून कार्यालयीन फोन वापरणाऱ्या प्रत्येकाला लागू पडणारा हा बारकावा आहे, आणि तो पुष्कळदा दुर्लक्षिला जातो.

नियंत्रण कक्ष कोणता

आता ठिकाण हातात आहे. जगात हजारो नियंत्रण कक्ष आहेत, त्यांच्या हद्दी बदलत राहतात आणि त्यांची कोणतीही एक जागतिक यादी नाही. ऑगस्ट २००८ च्या आरएफसी ५२२२ मधला लॉस्ट हा प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी आपसांत कसे बोलायचे याचा ठरलेला नियमसंच, या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. फोन लॉस्ट सर्व्हरला दोन गोष्टी कळवतो : मी या ठिकाणी आहे आणि मला एसओएस सेवा हवी आहे. उत्तरात त्या ठिकाणच्या नियंत्रण कक्षाचा इंटरनेटवरचा पत्ता येतो, तिथे कोणते अंक आपत्कालीन क्रमांक म्हणून चालतात ते येते, आणि हे उत्तर किती काळ ग्राह्य धरायचे तेही येते. त्यासोबत त्या कक्षाच्या हद्दीचा आकारही मिळू शकतो. हा आकार हाती असला की फोन हद्दीच्या आत फिरत असताना पुन्हा विचारायची गरज नाही. हद्द ओलांडली तरच विचारायचे. परक्या देशात उतरलेल्या फोनला तिथला क्रमांक कसा कळतो, या आधीच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे.

एका सर्व्हरला सगळे जग माहीत असण्याची गरज नाही. प्रत्येक देश किंवा प्रदेश आपल्या भागाची माहिती आपणच सांभाळतो, वरच्या पातळीवरचे सर्व्हर कोणता भाग कोणाकडे आहे एवढेच जाणतात, आणि विचारणा त्या वाटेने योग्य सर्व्हरपर्यंत पोहोचते. हद्दींची माहिती स्थानिक यंत्रणेच्याच हाती राहते, हे मला राजकीय आणि व्यावहारिक अशा दोन्ही दृष्टींनी शहाणपणाचे वाटते. कोणताही देश आपल्या पोलीस हद्दींचा नकाशा परक्या संस्थेने ठरवलेला मान्य करणार नाही.

लॉस्टची आणखी एक सोय फारशी चर्चिली जात नाही, पण ती मोलाची आहे. पत्ता पाठवल्यावर सर्व्हर त्यातला कोणता रकाना जुळला, कोणता चुकीचा आहे आणि कोणता तपासलाच नाही, हे वेगवेगळे सांगू शकतो. रस्ता खरा पण त्या रस्त्यावर तो घर क्रमांकच नाही, असे लक्षात आले तर दुरुस्ती कॉलच्या आधी व्हायला हवी. म्हणून जाळे चालवणाऱ्याने पत्ता नोंदतानाच तो तपासून घ्यावा आणि मधून मधून पुन्हा तपासावा. रस्त्यांची नावे बदलतात, नव्या इमारती उभ्या राहतात.

फोनने ही सगळी विचारणा संकट येईपर्यंत लांबवायची नसते. यंत्र सुरू होताना आणि जागा बदलताना ठिकाण व नियंत्रण कक्ष विचारून ठेवायचे, कॉलच्या क्षणी ताजे उत्तर मिळाले तर ते घ्यायचे, आणि सर्व्हर गप्प राहिला तर साठवलेल्या उत्तरावर कॉल पुढे न्यायचा.

कॉल चालू असताना

इंटरनेटवरचे बहुतेक फोन कॉल जोडण्यासाठी एसआयपी हा प्रोटोकॉल वापरतात. आपत्कालीन कॉलच्या एसआयपी निरोपात एसओएस हे नाव, नियंत्रण कक्षाचा पत्ता आणि ठिकाण असे तिन्ही एकत्र असते. ठिकाण कसे जोडायचे ते आरएफसी ६४४२ मध्ये आहे. इथून पुढच्या तपशिलांमध्ये या मानकांची वृत्ती दिसते. निरोप सांकेतिक रूपात, सुरक्षित जोडणीवरूनच पाठवावा असा आग्रह आहे, पण सुरक्षित जोडणी होत नसेल तर कॉल उघड्या जोडणीवरून पुढे गेला पाहिजे. इतर कोणत्याही सेवेत अशी सूट चुकीची ठरली असती.

आवाजाच्या बाबतीतही तसेच आहे. इंटरनेट फोन नेहमी बोलणे थांबले की माहिती पाठवणे थांबवून जागा वाचवतात. आपत्कालीन कॉलमध्ये असे करायला मनाई आहे, कारण माणूस गप्प असताना मागे येणारा आवाज, तुटणारी काच, कण्हणे किंवा धमकी, यातूनच कर्मचाऱ्याला परिस्थिती कळते. कॉल चालू असताना दुसरा कॉल आल्याची सूचना, कॉल दुसरीकडे वळवणे यांसारख्या सोयी बंद ठेवायच्या असतात, जेणेकरून चुकून बोट लागून कॉल तुटू नये. आणि नियंत्रण कक्षाकडून परत आलेला कॉल 'व्यत्यय नको' या सोयीने अडवला जाऊ नये, यासाठी तो ओळखण्याची खूण आरएफसी ७०९० मध्ये ठरवली आहे. ज्यांना ऐकू येत नाही किंवा बोलता येत नाही अशा लोकांसाठी टंकलेले अक्षर त्याच क्षणी पलीकडे दिसेल अशा मजकुराची, तसेच खुणांच्या भाषेसाठी व्हिडिओची सोय याच कॉलमध्ये आहे. जुन्या तारेला हे कधीच जमले नसते, आणि इंटरनेटवर येण्याचा हा निखळ फायदा आहे.

कॉल नियंत्रण कक्षाच्या दारात आल्यावर पुढे काय, हे नेनाच्या आय-३ मानकात आणि युरोपात ईटीएसआय या संस्थेच्या टीएस १०३ ४७९ या मानकात आहे. आपत्कालीन सेवांचे स्वतंत्र, राखीव आयपी जाळे, त्याच्या वेशीवर घातक निरोप अडवणारे द्वारपाल-सर्व्हर, आणि आत धोरणानुसार कॉल वाटणारे सर्व्हर अशी त्याची रचना आहे. एखादा कक्ष कॉलच्या गर्दीने भरला किंवा बंद पडला, तर शेजारच्या कक्षाकडे कॉल ठिकाणासह जातो, ही त्यातली सर्वांत उपयोगी गोष्ट.

खोट्या ठिकाणाचा प्रश्न मात्र उरतो. ठिकाण फोनकडूनच येत असेल तर खोडसाळ माणूस दुसऱ्याच्या घराचा पत्ता पाठवून तिथे सशस्त्र पोलीस धाडू शकतो, आणि असे प्रकार घडलेही आहेत. आयईटीएफने या धोक्यांचा विचार आरएफसी ५०६९ आणि पुढे आरएफसी ७३७८ मध्ये केला आहे. प्रत्यक्ष ठिकाणाऐवजी जाळ्याने दिलेला दुवा पाठवणे हा त्यावरचा एक उपाय, कारण मग नियंत्रण कक्ष ठिकाण थेट जाळ्याकडूनच घेतो. ज्याची ओळख पटत नाही अशा माणसाचा कॉल नाकारावा का, या प्रश्नाला मात्र सोपे उत्तर नाही, आणि ते असावे असे मला वाटतही नाही. शिल्लक संपलेल्या किंवा सेवाच नसलेल्या यंत्रावरून कोणी खरोखर मदत मागत असेल.

मानके आणि वास्तव

वर सांगितलेली रचना संपूर्ण स्वरूपात सगळीकडे उभी राहिली आहे असे नाही. घराघरांतल्या इंटरनेट कंपन्यांनी ठिकाण-माहितीचे सर्व्हर चालवावेत, त्याचा खर्च कोणी द्यावा आणि फोनसेवा दुसऱ्याची असताना त्यांनी हा भार का उचलावा, हा प्रश्न प्रोटोकॉलने सुटणारा नाही. तो कायद्याने सुटतो, आणि कायदा जिथे आला तिथे फरक पडला.

चौथ्या आणि पाचव्या पिढीच्या मोबाइलमधले बोलणेही आता आयपी जाळ्यावरूनच जाते, पण तिथे टॉवर आणि कॉल पुन्हा एकाच कंपनीचे असल्याने गाठ सहज बसते. परदेशात फिरणाऱ्या फोनचा आपत्कालीन कॉल मायदेशी न जाता तिथल्याच जाळ्यात हाताळला जातो. याशिवाय स्मार्टफोनसाठी अ‍ॅडव्हान्स्ड मोबाइल लोकेशन ही पद्धत आली. आपत्कालीन क्रमांक लावला की फोन स्वतःहून उपग्रह आणि वाय-फायच्या आधारे ठिकाण काढतो आणि ते एसएमएसने किंवा इंटरनेटवरून कक्षाकडे पाठवतो. ब्रिटनमध्ये ती २०१४ साली सुरू झाली, अँड्रॉइडमध्ये २०१६ साली आणि आयफोनमध्ये २०१८ साली आली, आणि मार्च २०२२ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनना अशी ठिकाण-माहिती देता येणे बंधनकारक झाले. आयईटीएफच्या रचनेइतकी ती व्यापक नाही, पण ती थोड्या खर्चात आणि लवकर लागू झाली. मात्र ती फोनच्या नेहमीच्या डायलरवरून लावलेल्या क्रमांकासाठी आहे. संदेश आणि कॉल यांची कित्येक अ‍ॅप्स आपण आपत्कालीन कॉलसाठी नाही असे आपल्या अटींत लिहितात, त्यामुळे संकटात अशा अ‍ॅपवर विसंबू नये.

कार्यालये आणि हॉटेलांच्या फोनसाठी अमेरिकेतले दोन कायदे उल्लेखनीय आहेत. डिसेंबर २०१३ मध्ये टेक्सासमधल्या एका मोटेलच्या खोलीत आईवर हल्ला होत असताना नऊ वर्षांच्या मुलीने पुन्हा पुन्हा ९११ लावला, पण बाहेरच्या कॉलसाठी आधी ९ दाबावा लागत असल्याने कॉल लागलाच नाही. त्यातून झालेला कॅरीज लॉ १६ फेब्रुवारी २०२० पासून लागू झाला : त्यानंतर बसवलेल्या, एकाच जागचे अनेक फोन चालवणाऱ्या फोनव्यवस्थेतून कोणताही आगाऊ अंक न दाबता ९११ लागला पाहिजे, आणि कॉल झाल्याची सूचना इमारतीतल्या जबाबदार व्यक्तीला मिळाली पाहिजे. दुसऱ्या कायद्याने, रे बॉम्स अ‍ॅक्टमधल्या तरतुदीने, कॉलबरोबर रस्त्याचा पत्ताच नव्हे तर मजला आणि खोली अशी मदत पाठवण्याजोगी माहिती मागितली. एका जागी बसवलेल्या फोनांसाठी ती ६ जानेवारी २०२१ पासून आणि इतर फोनांसाठी ६ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्याच्या कितीतरी वर्षे आधी लिहिलेली पोर्टनिहाय नोंदींची मानके या कायद्यांमुळे पुष्कळ कार्यालयांत प्रत्यक्ष कामाला लागली.

विजेचा मुद्दाही लक्षात ठेवावा लागतो. जुन्या फोनला एक्स्चेंजमधून तारेनेच वीज मिळे, त्यामुळे घरातली वीज गेली तरी फोन चालू राही. इंटरनेट फोनचा राउटर आणि मोडेम घरच्या विजेवर चालतात, त्यामुळे बॅटरीची सोय नसेल तर वीज जाताच फोनही बंद पडतो.

आपल्या हाताखाली अशी फोनव्यवस्था असेल तर तपासण्याची कामे ठरलेली आहेत. प्रत्येक स्विचच्या प्रत्येक पोर्टपुढे खरी खोली लिहिली आहे का, तार दुसऱ्या पोर्टला हलवली की नोंदही बदलते का, वाय-फायवरच्या यंत्रांना ठिकाण कुठून मिळते, घरून काम करणाऱ्यांचे ठिकाण व्हीपीएन सुरू होण्याआधी घेतले जाते का, आणि कक्षाने परत केलेला कॉल त्याच टेबलावर वाजतो की स्वागतकक्षाच्या ध्वनिमुद्रित निरोपात अडकतो, हे प्रत्यक्ष पाहावे लागते. चाचणीसाठी खऱ्या कर्मचाऱ्यांचा वेळ घेऊ नये म्हणून आरएफसी ६८८१ मध्ये टेस्ट एसओएस हे वेगळे नाव ठेवले आहे. त्या नावाने गेलेला कॉल खऱ्या कॉलच्याच वाटेने जातो, पलीकडचे यंत्र त्याला आपोआप उत्तर देते, कोणत्या कक्षापर्यंत तो पोहोचला हे कळवते आणि पाठवलेला आवाज परत ऐकवते. ज्या भागातल्या कक्षात ही सोय नाही, तिथे चाचणी कशी आणि केव्हा करायची हे आधी त्या कक्षालाच त्याच्या कार्यालयीन क्रमांकावर विचारून ठरवावे.